विसरभोळेपणाच्या एक पायरी पुढे: एमसीआय निघाल्यावर घरचं रुटीन कसं बसवायचं

माझ्या वडिलांचं, अण्णांचं, पहिल्यांदा लक्षात आलं ते मेंढीकोट खेळताना. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर चाळीस वर्षं दिवाणजी म्हणून काढलेली, पोत्यांचा हिशोब तोंडी, आणि पत्त्यात तर कुठली मेंढी कुणाच्या हातात गेली हे डाव संपल्यावरसुद्धा क्रमाने सांगायचे. त्या गणपतीत रात्री खेळायला बसलो आणि एकाच डावात तीनदा विचारलं, "हुकूम काय बोललाय गं?" आम्ही हसलो. मग दिवाळीत लाईट बिल दोनदा भरलं, मग रोजच्या किराणावाल्याचं नाव आठवेना, मग जेवताना सांगितलेली गोष्ट हात धुऊन आल्यावर परत पहिल्यापासून सांगितली, तेव्हा हसू थांबलं.

तपासण्या झाल्या आणि डॉक्टरांनी शब्द सांगितला, माइल्ड कॉग्निटिव्ह इम्पेअरमेंट, थोडक्यात एमसीआय. तेव्हा वय ७२, आता दोन वर्षं होतील. या दोन वर्षांत जे जमलं आणि जे फसलं ते क्रमाने लिहितेय, कारण आम्हाला आजाराची माहिती सगळ्यांनी दिली पण सोमवारी सकाळी उठून नेमकं काय करायचं हे कुणी सांगितलं नव्हतं. मी डॉक्टर नाही. गोळ्या आणि डोस तुमच्या डॉक्टरांनाच विचारा.

हे आहे काय, आणि काय नाहीये

एमसीआय म्हणजे डिमेन्शिया (रोजची कामंही जमेनाशी होतात असा स्मृतिभ्रंश) नव्हे. स्मरणशक्ती किंवा विचार करायचा वेग वयाच्या मानाने जरा जास्तच उतरलाय, टेस्टमध्ये ते दिसतंय, पण माणूस स्वतःचं रोजचं सगळं अजून स्वतः करतोय, भले थोडा अडखळत, अशी ही मधली अवस्था. चष्मा कुठे ठेवला ते विसरणं हे आपल्या सगळ्यांचं होतं. ठरलेली भेट, कालचं बोलणं, नेहमीच्या व्यवहारातली एखादी पायरी असं वारंवार निसटायला लागलं की तपासून घ्यायचं.

आणि हे दुर्मिळ नाहीये. अमेरिकन अकॅडमी ऑफ न्यूरॉलॉजीने २०१८ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत आकडे आहेत, ६० ते ६४ वयात साधारण १०० पैकी ७ जणांना, ८० ते ८४ मध्ये १०० पैकी २५ जणांना एमसीआय असतं. त्याच कागदातला दुसरा आकडा मी आईला मुद्दाम वाचून दाखवला. पासष्टीपुढच्या एमसीआयवाल्यांपैकी दोन वर्षांत डिमेन्शियाकडे गेले ते साधारण १५ टक्के. म्हणजे बाकीचे बरेच जण त्या दोन वर्षांत तिथेच राहिले, आणि काहींची टेस्ट तर परत नॉर्मल आली. आईने त्या रात्री पहिल्यांदा नीट जेवण केलं.

पहिलं काम: दुरुस्त होणारं काही आहे का ते शोधा

हे सगळ्यात आधी, बदाम आणि कोडी नंतर. विसरण्यामागे कधीकधी अगदी साधं कारण असतं आणि ते दुरुस्त होतं. डॉक्टरांकडे जाताना ही यादी न्या आणि एकेकावर बोट ठेवून विचारा: बी१२, थायरॉइड, हिमोग्लोबिन, सोडियम, शुगर, किडनी-लिव्हर, बीपी, कान, डोळे, झोपेतलं घोरणं, आणि मन उदास आहे का. मेंदूचा स्कॅन करायचा का, कुठला, ते डॉक्टर ठरवतील.

आमच्याकडे बी१२ कमी निघालं. अण्णा नऊ वर्षं शुगरसाठी मेटफॉर्मिन घेताहेत, शिवाय पक्के शाकाहारी, शिवाय ॲसिडिटीची गोळी रोज सकाळी चहाच्या आधी. या तिन्हींनी बी१२ खाली जाऊ शकतं. बाकी हे सगळं मटणाने भरून काढू म्हणणारे एक मामा आमच्याकडेही आहेत, पण अण्णांना इंजेक्शनं दिली आणि मग गोळी.

आता औषधांची पिशवी. घरातली प्रत्येक गोळी, सिरप, आयुर्वेदिक चूर्ण, गुडघ्यासाठी कुणीतरी गावाकडून आणून दिलेली पुडी, सगळं एका पिशवीत घाला आणि जसंच्या तसं डॉक्टरांच्या टेबलावर ठेवा. अण्णांच्या उशाखाली सर्दीच्या गोळ्यांची पाकिटं निघाली, क्लोरफेनिरामिनवाली, सर्दीसाठी नाही तर झोप लागते म्हणून रोज एक! अशा जुन्या पद्धतीच्या सर्दी-ॲलर्जीच्या गोळ्या, वारंवार लघवी होण्यावरच्या काही गोळ्या, ॲमिट्रिप्टिलीन, झोपेच्या आणि टेन्शनच्या गोळ्या, यांनी म्हाताऱ्या मेंदूवर धुकं येतं. पण एक लक्षात ठेवा, अल्प्राझोलामसारखी झोपेची किंवा टेन्शनची गोळी वर्षानुवर्षं चालू असेल तर आपल्या मनाने एकदम बंद करू नका, त्याचा उलटा त्रास होतो, डॉक्टर ती हळूहळू उतरवत आणतात.

अजून एक, टेस्ट मराठीतून घ्या म्हणून आग्रह धरा. पहिल्या ठिकाणी आमची टेस्ट अर्धी इंग्रजीत झाली आणि मार्क आले १७. दुसऱ्या डॉक्टरांनी मोका नावाची ३० मार्कांची टेस्ट मराठीतून घेतली, अण्णा जुनी अकरावी मॅट्रिक, शिक्षण बारा वर्षं किंवा त्याहून कमी असेल तर एक मार्क वाढवून देतात, तो धरून २२ आले. १७ आणि २२ मध्ये घरच्यांच्या झोपेचा फरक आहे. आणि टेस्टला जाताना चष्मा, कानाचं मशीन, पोटात काहीतरी, एवढं बघा. आम्ही उपाशीपोटी रक्त देऊन तसंच टेस्टला बसवलेलं, मूर्खपणा.

दुसरं: बीपी आणि शुगर, म्हणजे मेंदूचं प्लंबिंग

मेंदूला रक्त पुरवणाऱ्या बारीक नळ्या खराब झाल्या की विचार करण्यावर परिणाम होणारच. अमेरिकेत स्प्रिंट माइंड म्हणून मोठी ट्रायल झाली, नऊ हजारांवर लोक, २०१९ मध्ये निकाल आला. वरचं बीपी १२० च्या खाली ठेवायचं ठरवलेल्या गटात नव्याने एमसीआय होण्याचं प्रमाण १४० च्या खालीवाल्या गटापेक्षा १९ टक्क्यांनी कमी होतं. याचा अर्थ उद्या जाऊन गोळी वाढवा असा नाही. वयस्कर माणूस उठताना चक्कर येऊन पडला तर सगळंच मुसळ केरात. तुमचा आकडा डॉक्टरांकडून ठरवून घ्या, तो वहीच्या पहिल्या पानावर लिहा.

मोजायची पद्धत मात्र नीट ठेवा. बाथरूमला जाऊन या, खुर्चीला पाठ टेकवून पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटं गप्प बसा, पट्टा उघड्या दंडावर, हात टेबलावर, एक मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा. मोजताना बोलायचं नाही. आमच्याकडे हे शेवटचंच सगळ्यात अवघड आहे.

मीठ दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, हे डब्ल्यूएचओचं म्हणणं, म्हणजे सगळं मिळून एक छोटा चमचा. भाजीतलं मीठ कमी करण्याआधी पापड, लोणचं, फरसाण, खारे शेंगदाणे यांच्याकडे बघा, खरं मीठ तिथे लपलेलं असतं. शुगरचं उलटंही बघा, ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्यांनी शुगर फार खाली गेली तर घाम, थरथर, बावचळल्यासारखं बोलणं होतं आणि घरच्यांना वाटतं विसरण्याचा आजार वाढला. अशा वेळी आधी शुगर तपासा, मशीन हाताशी नसेल तर आधी साखर द्या. वयस्कर माणसाची शुगर किती कडक ठेवायची हेही एकदा विचारून घ्या, ती तरुणांइतकी ओढून धरायची नसते.

तिसरं: चालणं, आणि चालता चालता दिडकी

औषधांचं म्हणाल तर एमसीआयवर खात्रीने चालणारी गोळी त्या २०१८ च्या सूचनांना सापडली नव्हती. त्यांनी ठोसपणे सांगितलं ते व्यायामाचं, आठवड्यातून निदान दोनदा, सहा महिने तरी. त्यानंतर लेकॅनेमॅब आणि डोनानेमॅब ही इंजेक्शनं अमेरिकेत मंजूर झाली, पण ती अल्झायमरमुळेच होणाऱ्या सुरुवातीच्या त्रासासाठी, त्याला वेगळ्या तपासण्या लागतात आणि मेंदूत सूज किंवा रक्तस्राव होण्याचा धोका असतो म्हणून वरचेवर एमआरआय करावे लागतात. प्रत्येकाचं ते काम नाही. चप्पल घालणं प्रत्येकाला जमतं.

पासष्टीपुढच्यांसाठी डब्ल्यूएचओचं माप आहे आठवड्याला किमान १५० मिनिटं जरा दम लागेल असं चालणं, दोन दिवस ताकदीचे व्यायाम, तीन दिवस तोल सांभाळायचे. ऐकून अण्णा म्हणाले, "मग जेवायचं कधी?" म्हणून आम्ही असं बसवलं. पहिले दोन आठवडे फक्त दहा मिनिटं, घरापासून कोपऱ्यावरच्या रसवंतीपर्यंत आणि परत. मग दर आठवड्याला पाच मिनिटं वाढवत नेलं. आता रोज सकाळी कृष्णेच्या घाटापर्यंत जाऊन येतात, अर्धा तास. वेग ओळखायची खूण सोपी, बोलता आलं पाहिजे पण गाता येऊ नये.

ताकदीसाठी हात न टेकता खुर्चीवरून उठा-बसा, आधी पाच, मग दहा. ओट्याला धरून टाचा वर-खाली. भिंतीला हात लावून जोर. तोलासाठी ओट्याजवळच एका पायावर उभं राहायचं, बाजूला माणूस हवं. छातीत दुखत असेल, नुकतंच पडले असतील, गुडघे फारच गेले असतील, तर फिजिओथेरपिस्टला आधी दाखवा.

आता दिडकी. चालताना डोक्यालाही काम दिलं की दुहेरी कसरत होते. अण्णांना पावकी, निमकी, पाऊणकी, दिडकी (म्हणजे पाव, अर्धा, पाऊण, दीडचे पाढे) सगळं लहानपणी मास्तरांनी छडीने पाठ करून घेतलेलं. नातवाला दिडकी शिकवत शिकवत घाटापर्यंत जातात, "सात दिडे?" "साडेदहा!" नातू कॅल्क्युलेटरच्या पिढीतला, तोच जास्त चुकतो, त्यामुळे अण्णांची छाती फुगते. फक्त रस्ता ओलांडताना गप्प, हा आमचा नियम आहे.

पावसाळ्यात घाट बुडतो, निसरडं होतं, तेव्हा घरातल्या घरात, हॉल ते गॅलरी, रेडिओ लावून. खंड पडला की परत सुरू करायला पंधरा दिवस जातात हा अनुभव.

चौथं: ताट

इथे सगळ्यात जास्त फॉरवर्ड येतात म्हणून आधी हळदीचं सांगून टाकते. हळदीने स्मरणशक्ती टिकली असती तर चाळीस वर्षं हळदीच्या धुळीत श्वास घेतलेल्या आमच्या अण्णांना काही व्हायलाच नको होतं. फोडणीत घाला, दुधात घाला, औषध म्हणून भरवसा ठेवू नका. गिंकगो नावाच्या झाडाच्या अर्काची तर अमेरिकेत तीन हजारांवर वयस्कर लोकांवर ट्रायल झाली, २००८ मध्ये निकाल आला, डिमेन्शिया टळला नाही. मेमरी वाढवणाऱ्या महागड्या कॅप्सूलचंही तेच समजा. ब्राह्मी वगैरे घ्यायचीच असेल तर डॉक्टरांना सांगून घ्या, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर विशेष.

मग खायचं काय? जे आपल्या आजीच्या ताटात होतं त्यातलं बरंचसं. शाळूची भाकरी, रोज एक पालेभाजी, मोड आलेली मटकी किंवा मूग, जवसाची नाहीतर कारळ्याची चटणी, मूठभर शेंगदाणे किंवा अक्रोड, ताक, एखादं फळ. मासे खाणारे असाल तर आठवड्यातून दोनदा बांगडा, तारली, तळून नाही, कालवण करून. कमी करायचं ते मैदा, बेकरी, तळण, आणि दिवसाचे पाच गोड चहा. अण्णांचा चहा सोडवणं शक्य नव्हतं, कप छोटा केला आणि साखर दर आठवड्याला पाव चमचा कमी केली, पत्ता लागला नाही.

प्रामाणिकपणे सांगायचं तर एकट्या आहाराने चमत्कार होत नाही. मेंदूसाठी म्हणून गाजलेल्या माइंड डाएटची तीन वर्षांची ट्रायल २०२३ मध्ये छापून आली, त्यात तुलनेच्या गटापेक्षा फारसा फरक दिसला नाही. पण फिनलंडमध्ये फिंगर नावाचा अभ्यास झाला, धोका जास्त असलेले १२६० लोक, वय ६० ते ७७, दोन वर्षं, त्यांना आहार, व्यायाम, डोक्याचे व्यायाम आणि बीपी-शुगरवर नजर हे सगळं एकत्र दिलं, तेव्हा फक्त नेहमीचा सल्ला मिळालेल्यांपेक्षा ते टेस्टमध्ये पुढे राहिले. एमसीआय झालेल्यांवरचा तो अभ्यास नव्हता हे खरं, तरी मला त्यातून एवढं कळलं की एकच काहीतरी धरून बसायचं नाही, सगळं थोडं थोडं करायचं.

पाणी विसरू नका. म्हातारपणी तहान कमी लागते आणि पाणी कमी पडलं की माणूस अजून गोंधळतो. आमच्याकडे एक तांब्या सकाळी भरून ठेवतो, दुपारच्या जेवणापर्यंत तो रिकामा दिसला पाहिजे. किडनी किंवा हार्टचा त्रास असेल तर किती पाणी ते विचारूनच. वजन आपोआप उतरायला लागलं तर ते चांगलं लक्षण समजू नका, डॉक्टरांना सांगा. तंबाखू, मिश्री, सिगारेट, दारू यावर वेगळं काय लिहू, बंद.

पाचवं: कान

याला स्वतंत्र जागा देतेय कारण आम्ही हेच सगळ्यात उशिरा केलं. जे नीट ऐकूच आलं नाही ते लक्षात कसं राहणार? २०२४ च्या लॅन्सेट कमिशनने डिमेन्शियाची टाळता किंवा लांबवता येण्याजोगी १४ कारणं दिलीत, त्यात कमी ऐकू येणं आहे, आणि या वेळी कमी दिसणंही आलंय. आधी कानातला मळ काढून घ्या, मग ऑडिओमेट्री करा. २०२३ मध्ये अचिव्ह नावाच्या ट्रायलचा निकाल आला, सगळे मिळून बघितले तर कानाच्या मशीनने फरक पडला नाही, पण ज्यांना आधीच धोका जास्त होता त्यांची घसरण तीन वर्षांत ४८ टक्क्यांनी मंदावली.

मशीन आणलं की पहिल्या दिवशी लग्नाला घालून नेऊ नका. आम्ही नेलं, बँड वाजला आणि मशीन खिशात गेलं ते पंधरा दिवस. शांत खोलीत एका माणसाशी अर्धा तास बोलण्यापासून सुरू करा, मग टीव्ही, मग बाजार. महिनाभर तरी धीर धरा, आणि एकदा-दोनदा परत नेऊन सेटिंग करून घ्या. मोतीबिंदू पिकायची वाट बघायचीही गरज नसते, तो जुना समज झाला.

सहावं: झोप

रात्री सात ते आठ तास. दुपारी वामकुक्षी अर्धा तास, त्यापुढे उठवायचं, शिव्या खाऊन उठवायचं. चहा दुपारी चारपर्यंतच. सकाळी उजेडात बसायचं, पेपर गॅलरीत वाचायचा. जोरात घोरणं, मध्येच श्वास थांबल्यासारखं होणं, सकाळी डोकं जड, असं असेल तर स्लीप ॲपनियाची तपासणी सांगा, त्याने लक्ष आणि स्मरण दोन्ही मार खातात. रात्री बाथरूमच्या वाटेवर छोटा दिवा ठेवा आणि पायपुसणं घसरतं का ते बघा.

सातवं: एक वही, एक खिळा, एक डबा

आता घरातलं. इथे आमची सगळ्यात मोठी चूक झाली ती सांगते. एमसीआय कळल्यावर प्रेमापोटी आम्ही अण्णांच्या हातातली कामं काढून घेतली. भाजी आणायला भाऊ, बिलं मी, बँक मी, गॅसला हात लावायचा नाही. दोन महिन्यांत माणूस खुर्चीत बसून नुसता टीव्हीकडे बघायला लागला. डॉक्टर म्हणाले, काम काढून घेऊ नका, कामाला टेकू द्या. ते वाक्य मी फ्रीजवर लावलंय.

टेकू म्हणजे कसा? भाजीचंच घेऊ. आता रात्री अण्णा स्वतः चिठ्ठी लिहितात, मी लिहून देत नाही, हाताने लिहिलेलं जास्त राहतं. चिठ्ठी शर्टच्या खिशात, पैसे मोजून छोट्या पाकिटात, दुकान ठरलेलं, वेळ ठरलेली. कोथिंबीर विसरले तर विसरले, एका वेळच्या आमटीवर कोथिंबीर नसेल, बस. परत पाठवत नाही.

वही एकच. आधी तीन डायऱ्या, पाच चिठोऱ्या आणि कॅलेंडरवर वेगळं असं चाललेलं, त्याने गोंधळ वाढला. आता एक लाल कापडी पाठीची वही, अगदी त्यांच्या दुकानात असायची तशी लांबट, म्हणून त्यांना आवडली. डाव्या पानावर आज काय करायचं, उजव्या पानावर काय झालं. सकाळी चहाबरोबर वाचायची, रात्री गोळीबरोबर लिहायची. "डॉक्टर, मंगळवार ११ वाजता, जाताना फाईल" असं पूर्ण लिहायचं, नुसतं "डॉक्टर" लिहिलं तर दुसऱ्या दिवशी काही कळत नाही. कॅलेंडरवर झालेल्या दिवसावर रेघ मारायची म्हणजे आज काय वार हे विचारावं लागत नाही.

किल्ली, चष्मा, पाकीट, मोबाईल यांची जागा एकच, दाराशेजारचा खिळा आणि त्याखालची ट्रे. घरातल्या सगळ्यांनी तिथेच ठेवायचं, फक्त अण्णांनी नाही, नाहीतर ते अपमानासारखं होतं. गोळ्यांसाठी आठवड्याच्या कप्प्यांचा डबा, रविवारी अण्णा भरतात आणि मी नुसती नजर टाकते. कप्पा रिकामा म्हणजे गोळी घेतली, वादच नाही.

गॅसला टायमर. स्वयंपाकघरात टिकटिक करणारा साधा टायमर, दूध ठेवलं की लावायचा. बाहेर पडताना तोंडाने मोठ्यांदा म्हणायचं, "गॅस बंद केला, कुलूप लावलं." ऐकायला वेड्यासारखं, पण स्वतःच्या आवाजात ऐकलेलं आठवतं, अर्ध्या वाटेतून परत यायची वेळ येत नाही.

नवीन नाव लक्षात ठेवायचं असेल तर एकदा सांगून सोडू नका. लगेच विचारा, मग मिनिटाने, मग पाच मिनिटांनी, मग पंधरा, असं अंतर वाढवत न्या. अंदाजाने चुकीचं बोलू देण्यापेक्षा आपण बरोबर उत्तर सांगावं आणि त्यांनी म्हणावं, कारण चुकीचं उत्तर एकदा बसलं की तेच बसतं.

घरच्यांनी टाळायची दोन वाक्यं: "सांगितलं ना मघाशी!" आणि पाहुण्यांसमोर "ओळखा बघू हे कोण?" दुसऱ्या वाक्याने माझ्या आत्याने अण्णांना एकदा इतकं कानकोंडं केलं की ते उठून आत गेले. पाहुणा आला की आपणच म्हणायचं, "अण्णा, मिरजेचा सुधा आलाय," झालं.

आठवं: डोक्याला नवीन काहीतरी

मोबाईलवरचे ब्रेन गेम खेळून माणूस त्या गेममध्ये तरबेज होतो, बाकी फायदा किती याबद्दल मी फार आशेवर नाही. शब्दकोडं वीस वर्षं सोडवत असाल तर तीही आता सवयच झाली. जरा कष्ट पडतील असं नवीन घ्या, आणि त्यात माणसं असतील तर उत्तम. अण्णा मोडी शिकताहेत. घरात पणजोबांच्या सावकारीची खतावणी आहे, मोडीतली, आजवर कुणी वाचली नव्हती. आठवड्याला तीन अक्षरं, जास्त नाही. दोन महिन्यांपूर्वी त्यातली एक ओळ लागली, कुणाकडून तरी येणं असलेले सात रुपये. दिवसभर अण्णा घरात सगळ्यांना सांगत होते, चार वेळा सांगितलं, आम्ही चारही वेळा ऐकलं.

भजनी मंडळ, ज्येष्ठ नागरिक संघ, हास्यक्लब, कट्टा, काहीही चालेल, पण आठवड्यातून दोन-तीनदा माणसांत जायला हवं. पत्ते सोडू नका. आमच्याकडे आता हुकूम बोलला की त्या रंगाचं एक पान खालच्या बाजूला उघडं ठेवतात, सगळ्यांनाच दिसतं, खेळ चालू. मित्रांना सांगायचं की नाही हे मात्र अण्णांनी ठरवलं, आम्ही नाही. दोघांना सांगितलं. उदासपणा, चिडचिड, कशातच रस नाही असं दोन आठवडे राहिलं तर वयामुळे म्हणून सोडू नका, त्यावर उपचार आहेत आणि त्याने विसरणंही सुधारू शकतं. टेली मानस या सरकारच्या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाईनवर, १४४१६ वर, मराठीत बोलता येतं.

आणि आई. तिला आठवड्यातून एक दुपार पूर्ण सुट्टी, वाटलं तर नुसती झोपेल. हे लिहून ठेवा नाहीतर होत नाही.

नववं: पैसे आणि कागद, आत्ताच

हे अप्रिय आहे, पण सही करायची आणि निर्णय घ्यायची ताकद शाबूत आहे तोवरच करायचं. मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात, रजिस्टर करणं सक्तीचं नाही पण केलेलं बरं, शिवाय त्या दिवसाचं डॉक्टरांचं सर्टिफिकेट जोडलं की पुढे भांडण कमी. बँक, एफडी, विमा, सगळीकडे नॉमिनी बघून घ्या. बऱ्याच घरांत मुखत्यारपत्र करून निर्धास्त होतात, पण आपल्याकडच्या कायद्यात देणाऱ्याची मानसिक क्षमता गेली की साधं मुखत्यारपत्रही संपतं, म्हणून वकिलाला हा प्रश्न सरळ विचारा. खातं जॉइंट करायचं का तेही बोलून ठरवा, अण्णांच्या समोर, त्यांच्या पाठीमागे नाही.

यूपीआय बंद केलं नाही, त्या खात्यात फक्त महिन्याचा खर्च ठेवतो. फोनला चिकटवलेल्या कागदावर अण्णांच्याच अक्षरात आहे: ओटीपी कुणाला सांगायचा नाही, पोलीस फोनवर अटक करत नाहीत, घाई करणारा फोन ठेवून द्यायचा. फसवणूक झालीच तर लगेच १९३० ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला फोन.

स्कूटर? एमसीआय निघालं म्हणून लगेच किल्ली काढून घेऊ नका, महिन्यातून एकदा मागे बसून बघा. ओळखीच्या रस्त्यावर चुकले, सिग्नल निसटला, गाडीवर नवीन ओरखडे दिसले तर थांबवायचं, आणि ते डॉक्टरांच्या तोंडून सांगायचं, मुलांचं ऐकत नाहीत.

सगळं एकदम सुरू करू नका

पहिल्या महिन्यात फक्त तपासण्या, औषधांची पिशवी, कान आणि वही. दुसऱ्या महिन्यात चालणं आणि झोपेची वेळ. तिसऱ्यात ताट आणि ताकदीचे व्यायाम. कागदपत्रं मध्ये जमतील तशी, पण वर्ष उलटू देऊ नका. आम्ही एका सोमवारी सगळं सुरू केलेलं, गुरुवारी सगळं बंद पडलं.

सहा महिन्यांनी टेस्ट परत करायची. अण्णांचे वर्षाने २३ आले, यंदा परत २२. डॉक्टर म्हणाले एक-दोन मार्क इकडे-तिकडे चालतात, तुम्ही वहीत लिहिता ते मला जास्त उपयोगी. म्हणून वहीत मागच्या पानावर मी वेगळं टिपते: पैशाचा हिशोब, रस्ता, गोळ्या, अंघोळ-कपडे, बोलताना शब्द अडणं, यात नवीन काही बिघडलं का. रोजचं काम दुसऱ्याशिवाय होईनासं झालं तर सहा महिने थांबू नका.

आणि हे वेगळं: एक-दोन दिवसांत अचानक बावचळले, दिवसा पेंगतात, रात्री भलतंच बोलतात, तर तो एमसीआय वाढल्याचा प्रकार नसतो, बहुतेक वेळा लघवीचं नाहीतर छातीचं इन्फेक्शन, सोडियम, पाणी कमी, नवीन सुरू झालेली गोळी असं काहीतरी असतं. त्याच दिवशी डॉक्टर. तोंड वाकडं, हात गळाला, बोबडं बोलणं, पडून डोक्याला मार, तर सरळ १०८ ला फोन करा. ज्येष्ठांसाठीची सरकारी हेल्पलाईन १४५६७ आहे, पेन्शन-योजना-कायद्याची माहिती तिथे मिळते. हे दोन, वरचे १४४१६ आणि १९३०, आणि माझा, असे पाच नंबर आमच्या वहीच्या पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला मोठ्या अक्षरात आहेत, सहावा नंबर अण्णांनी स्वतः लिहिलाय, मेंढीकोटच्या भिडूचा.